सच्छिद्र धातू-सेंद्रिय चौकटी आणि हायड्रोजननिर्मिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉफ म्हणजे नेमकं काय?

धातूच्या आयनांच्या गाठी आणि त्या गाठींना जोडणारे सेंद्रिय रेणू मिळून जी त्रिमितीय जाळी तयार होते, ती मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क. रोजच्या बोलण्यात सगळे ‘मॉफ’च म्हणतात. जोडणाऱ्या रेणूला लिंकर म्हणतात. गाठी आणि लिंकर ठरावीक अंतरावर, ठरावीक कोनात पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे पदार्थ स्फटिकरूप असतो आणि मधल्या जागा रिकाम्या राहतात. ही छिद्रं बहुतेक वेळा दोन नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. म्हणजे पाण्याचा रेणू सहज आत-बाहेर करू शकतो, मोठा रेणू बाहेरच अडतो.

या कल्पनेची सुरुवात मला फार आवडते. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉबसन १९७४ साली वर्गात दाखवण्यासाठी रेणूंची लाकडी प्रतिरूपं करून घेत होते. गोळ्यांना भोकं कुठे पाडायची हे त्यांनी कारागिराला आखून दिलं. गोळे आणि काड्या जोडायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की भोकांच्या जागा बरोबर असल्या तर रचना आपोआप बरोबरच उभी राहते. सगळी माहिती त्या भोकांमध्येच आहे. १९८९ मध्ये त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक सेंद्रिय रेणू घेऊन हिऱ्यासारखी, पण आतून पोकळ अशी जाळी करून दाखवली. १९९७ मध्ये सुसुमु कितागावा यांनी अशा चौकटीत वायू आत-बाहेर जाऊ शकतात आणि चौकट शाबूत राहते हे दाखवलं. ओमर याघी यांनी १९९५ मध्ये या पदार्थांना आजचं नाव दिलं आणि १९९९ मध्ये जस्ताची प्रसिद्ध मॉफ-५ ही चौकट मांडली. या तिघांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पाण्यात हायड्रोजन आहेच, मग तो काढायला उत्प्रेरक कशाला?

पाणी हा फार स्थिर रेणू आहे. २५ अंश सेल्सिअसला ते विजेने फोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतातच. ही निसर्गाची किंमत आहे आणि कुठलाही उत्प्रेरक ती कमी करू शकत नाही. उत्प्रेरक कमी करतो ती वरची उधळपट्टी. साध्या धातूच्या पट्ट्या घेतल्या तर वेग येण्यासाठी १.२३ च्या वर बरंच जादा व्होल्टेज द्यावं लागतं, आणि ते सगळं उष्णतेत जातं. एक किलो हायड्रोजनसाठी सिद्धांतानुसार ३९.४ युनिट ऊर्जा पुरावी. प्रत्यक्षातल्या यंत्रांना साधारण ५० ते ५५ युनिट लागतात. उत्प्रेरकावरची सगळी धडपड या मधल्या फरकासाठी चालते.

मग आज हायड्रोजन येतो कुठून?

जवळजवळ सगळा जीवाश्म इंधनांपासून, मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासून. २०२३ मध्ये जगात सुमारे ९.७ कोटी टन हायड्रोजन वापरला गेला आणि त्यातला कमी-उत्सर्जन मार्गाने तयार झालेला वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. नैसर्गिक वायूच्या वाटेने एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

प्लॅटिनम उत्तम काम करतं असं वाचलंय. नव्या पदार्थांची गरजच काय?

उत्तम करतं, यात वाद नाही. हायड्रोजनचा अणू पृष्ठभागावर फार घट्ट चिकटला तर सुटत नाही आणि फार सैल चिकटला तर टिकत नाही. प्लॅटिनमवर ही पकड जवळजवळ नेमकी आहे. आम्लात अगदी थोड्या जादा व्होल्टेजवर ते भराभर बुडबुडे सोडतं.

अडचण खरी दुसऱ्या टोकाला आहे. पाणी फोडताना ऋणाग्रावर हायड्रोजन निघतो तसा धनाग्रावर ऑक्सिजन निघतो, आणि ऑक्सिजनची पायरी कितीतरी अवघड. तिथे चार इलेक्ट्रॉन काढायचे, दोन ऑक्सिजन अणूंचा बंध जोडायचा, आणि हे सगळं धातूला गंज चढवणाऱ्या वातावरणात. आम्लधर्मी घटात आजतरी तिथे इरिडियम लागतं. इरिडियमचं जगभरातलं वार्षिक उत्पादन सात-आठ टनांच्या आसपास, तेही प्लॅटिनमच्या खाणीतून जोडीने निघणारं. म्हणून निकेल, लोखंड, कोबाल्ट यांसारख्या मुबलक धातूंकडून हे काम करून घेण्याची धडपड आहे, आणि मॉफ त्या धडपडीतलं एक साधन आहे.

उत्प्रेरक म्हणून मॉफमध्ये असं विशेष काय आहे?

बहुतेक लोक लगेच पृष्ठफळ सांगतात. मॉफ-५ च्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३,००० चौरस मीटर पृष्ठफळ असतं. आजवरच्या विक्रमी चौकटी ७,००० च्याही पुढे गेल्या आहेत. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण माझ्या मते तो दुय्यम आहे.

खरी गोष्ट म्हणजे पत्ता. प्लॅटिनमची भुकटी घेतली तर तिच्यात कडा, कोपरे, सपाट बाजू, खाचा सगळं मिसळलेलं असतं. नेमकी कुठली जागा काम करते हे शोधण्यात लोकांची हयात गेली आहे. मॉफमध्ये धातूचा प्रत्येक आयन कुठे बसलाय, त्याच्या शेजारी कोण आहे, पुढचा आयन किती लांब आहे, हे क्ष-किरणांनी मोजून सांगता येतं. सक्रिय जागा एकसारख्या आणि एकमेकींपासून वेगळ्या असतात. लिंकरवर अमिनो गट लावला, एक धातू काढून दुसरा बसवला, की बाकी काहीही न हलवता फक्त ती एक गोष्ट बदलते. उत्प्रेरकाचा अभ्यास करणाऱ्याला यासारखं दुसरं सुख नाही.

निसर्गाने हेच केलं आहे. काही सूक्ष्मजीवांमध्ये हायड्रोजनेज नावाची विकरं असतात. त्यांच्या पोटात लोखंडाचे, किंवा लोखंड आणि निकेलचे मोजके अणू प्रथिनांच्या कोंदणात बसलेले असतात आणि सेकंदाला हजारो हायड्रोजन रेणू घडवू शकतात. तोच लोखंडी गाभा कोंदणाबाहेर, नुसत्या द्रावणात ठेवला तर लवकर मोडतो. संशोधकांनी त्याची नक्कल झिर्कोनियमच्या चौकटीत अडकवून पाहिली, तेव्हा ती मोकळ्या द्रावणापेक्षा जास्त काळ टिकली. कारण एकटं पडलेलं केंद्र दुसऱ्या केंद्राशी भिडून नासत नाही.

पृष्ठफळ जास्त म्हणजे हायड्रोजन जास्त, असं समजायचं का?

नाही. पृष्ठफळ मोजतात ते कोरड्या मॉफच्या रिकाम्या छिद्रांत नायट्रोजन भरून. प्रत्यक्ष कामाच्या वेळी छिद्रांमध्ये पाणी, आयन आणि वायू असतात. अरुंद वाटेतून प्रोटॉन आत जायला आणि हायड्रोजन बाहेर यायला वेळ लागतो. विद्युतप्रवाह वाढवला की स्फटिकाची फक्त बाहेरची साल काम करते आणि गाभा नुसता बसून राहतो. म्हणून पातळ पापुद्र्यांसारखे मॉफ किंवा मुद्दाम मोठी छिद्रं ठेवलेले मॉफ पुष्कळदा जास्त पृष्ठफळाच्या भावंडांपेक्षा चांगले चालतात.

मॉफमधून वीज वाहते का?

बहुतेकांमधून नाही, आणि विजेच्या घटासाठी ही मोठी अडचण आहे. गाठ आणि लिंकर यांच्यातला बंध इलेक्ट्रॉनांना सहज वाट देत नाही. मॉफ-५ व्यवहारात विद्युतरोधकच आहे.

यावर तीन उपाय चालतात. मॉफची पूड कार्बन किंवा ग्राफीनमध्ये मिसळायची. सच्छिद्र निकेलच्या जाळीवर, ज्याला निकेल फोम म्हणतात, थेट मॉफ वाढवायचं. किंवा मुळातच वीज वाहणारी चौकट रचायची. तिसऱ्या प्रकारात निकेल आणि नायट्रोजनयुक्त सपाट लिंकर घेऊन ग्राफाइटसारखे थर रचतात. २०१४ मध्ये अशा एका निकेल चौकटीच्या पातळ थराची वाहकता सेंटिमीटरला ४० सीमेन्स इतकी मोजली गेली, तेव्हा मॉफ म्हणजे रोधकच हा समज मोडला. तरी अशा चौकटी अजून मोजक्याच आहेत.

पाण्यात टिकतात का? पाणीच फोडायचं तर ते आधी हवं ना?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो सर्वांत उशिरा विचारला जातो.

एचकेयूएसटी-१ नावाचा तांब्याचा मॉफ आहे. तापवून निर्वातात पूर्ण कोरडा केला की त्याची पूड गडद जांभळट निळी दिसते. बाटलीचं झाकण दमट हवेत उघडं ठेवा. थोड्याच वेळात वरचा थर फिकट होऊ लागतो आणि मग तो निळसर हिरवा पाण्याचा रंग खाली उतरत जातो. पाण्याचे रेणू तांब्याच्या मोकळ्या हाताला जाऊन चिकटताना आपण उघड्या डोळ्यांनी पाहत असतो. इथवर ते परतवता येतं, पुन्हा तापवलं की गडद रंग येतो. पण पाण्याशी संगत फार लांबली तर चौकट ढासळू लागते. मॉफ-५ तर हवेतल्या ओलाव्यानेही मोडतो.

टिकाऊपणा ठरतो तो धातू आणि लिंकर यांच्यातल्या बंधावर. झिर्कोनियमसारखा लहान, जास्त भाराचा आयन लिंकरच्या कार्बोक्सिलेट टोकातल्या ऑक्सिजनला घट्ट धरतो. ऑस्लोत २००८ मध्ये झालेल्या यूआयओ-६६ मध्ये झिर्कोनियमची प्रत्येक गाठ बारा लिंकरांना धरून असते. एखादा सुटला तरी गाठ हलत नाही. ती पाण्यात आणि सौम्य आम्लात तगते, तीव्र अल्कलीत मात्र हरते. याउलट झिफ-८ मध्ये जस्त आणि नायट्रोजनयुक्त इमिडाझोल लिंकर आहे. उकळत्या पाण्यात सात दिवस आणि उकळत्या तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये २४ तास ठेवूनही त्याची रचना शाबूत राहिल्याची नोंद २००६ ची आहे. पण तोच झिफ-८ आम्लात विरघळून जातो.

तेव्हा ‘हा मॉफ स्थिर आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कशात, किती तापमानाला, किती वेळ आणि किती व्होल्टेजखाली, हे सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

विजेच्या घटात वापरल्यावर मॉफ मॉफच राहतो का?

पुष्कळदा राहत नाही. मला या पानावर एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर हीच सांगितली असती.

निकेल-लोखंडाचा कार्बोक्सिलेट मॉफ घ्या आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र द्रावणात धनाग्र म्हणून लावा. हायड्रॉक्साइड आयन लिंकरला हुसकावून त्याची जागा घेतात, लिंकर द्रावणात निघून जातो, आणि मागे उरतात निकेल-लोखंडाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे बारीक थर. काम तेच करतात, आणि फार छान करतात. पण मग त्या आलेखाखाली ‘मॉफ उत्प्रेरक’ लिहिणं बरोबर नाही. मॉफ इथे पूर्वरूप होता, बियाण्यासारखा.

हे अपयश आहे असं मला वाटत नाही. मॉफमधून तयार झालेले थर साध्या पद्धतीने केलेल्या हायड्रॉक्साइडपेक्षा पुष्कळदा अधिक विस्कळीत आणि बारीक असतात, दोन धातू एकमेकांत अणुपातळीवर मिसळलेले असतात, आणि म्हणून ते जोमाने काम करतात. फक्त श्रेय कोणाला ते नीट सांगायला हवं, कारण पुढचा संशोधक त्या श्रेयावरूनच पुढचा पदार्थ रचणार असतो. चौकटीतल्या नाजूक जागेमुळे काम झालं असं समजून त्याने तीन वर्षं नवे लिंकर घडवण्यात घालवली, आणि लिंकर तर पहिल्या दहा मिनिटांतच वाहून गेला होता, तर ती तीन वर्षं कोण परत देणार?

मॉफ मुद्दाम भट्टीत भाजतात असं ऐकलं. चौकट मोडायचीच होती तर बांधली कशाला?

भाजल्यावर काय उरतं ते पाहिलं की उत्तर मिळतं. मॉफ नायट्रोजन किंवा आर्गॉन वायूत ६०० ते ९०० अंशांपर्यंत तापवला की लिंकरचा कार्बन होतो आणि धातू त्यात विखुरलेला राहतो. साधं कोबाल्ट लवण आणि साखर मिसळून भाजलं तर धातूचे गोळे होतात. मॉफमध्ये प्रत्येक कोबाल्ट अणू आधीपासूनच शेजाऱ्यापासून दूर बसलेला असतो, त्यामुळे तो सहज गोळा होत नाही.

एक युक्ती तर फारच सुंदर आहे. जस्त आणि कोबाल्ट दोन्ही असलेला झिफ घेतात. जस्त ९०७ अंशांना उकळतं. भट्टी त्याच्या आसपास किंवा वर नेली की जस्त वाफ होऊन उडून जातं, मागे मोकळ्या जागा सोडतं, आणि नायट्रोजनने धरून ठेवलेले कोबाल्टचे सुटे अणू कार्बनमध्ये राहतात. जस्ताने फक्त अंतर राखण्याचं काम केलं आणि ते निघून गेलं. सुट्या अणूंचे उत्प्रेरक करण्याच्या वाटांपैकी ही एक भरवशाची वाट आहे.

फॉस्फाइड, म्हणजे धातू आणि फॉस्फरसची संयुगं, तीही अशीच करतात. कोबाल्टचा मॉफ सोडियम हायपोफॉस्फाइटबरोबर सुमारे ३०० अंशांना तापवला की कोबाल्ट फॉस्फाइड मिळतं, आणि ते आम्लातही चांगला हायड्रोजन सोडतं. यात फॉस्फिन वायू निघतो. तो जीवघेणा विषारी आहे. धूर खेचणारं कपाट आणि वायू शोषणारी सोय नसेल तर हा प्रयोग करूच नका.

नुसत्या सूर्यप्रकाशाने होईल का?

तत्त्वतः होतं. टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाणी फोडता येतं हे फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये दाखवलं. मॉफमध्ये लिंकर प्रकाश टिपणाऱ्या अँटेनासारखा वागतो आणि इलेक्ट्रॉन धातूच्या गाठीकडे सोपवतो.

मिल-१२५ हा टायटॅनियमचा मॉफ पांढरा असतो. त्याला फक्त अतिनील किरण भावतात, आणि सूर्यप्रकाशात ते चार-पाच टक्केच. त्याच लिंकरवर अमिनो गट लावला की पूड पिवळी होते. रंग बदलला म्हणजे निळा दृश्य प्रकाशही आत घेतला जाऊ लागला. बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वर उचलायला लागणारी किमान ऊर्जा, साधारण ३.६ वरून २.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आला. एका लहानशा गटाने झालेला हा बदल रसायनशास्त्र कशाला म्हणतात ते दाखवतो. त्यावर प्लॅटिनमचे कण बसवले तर दृश्य प्रकाशात हायड्रोजन निघतो. हो, इथेही पुष्कळदा थोडं प्लॅटिनम लागतंच.

‘त्यागी पदार्थ’ म्हणजे काय?

प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वर जातो आणि मागे धन भाराची जागा उरते. ती जागा कोणीतरी भरली नाही तर इलेक्ट्रॉन परत तिथेच पडतो. पाण्याने ती भरावी आणि ऑक्सिजन सोडावा हे खरं ध्येय. ते अवघड म्हणून द्रावणात ट्रायइथेनॉलअमाइन किंवा मिथेनॉल घालतात. हे रेणू आनंदाने इलेक्ट्रॉन देतात आणि स्वतः खर्ची पडतात.

यंत्रणा समजून घ्यायला हे ठीक आहे. पण इथे पाणी फुटत नाहीये. एक महाग रसायन जळून हायड्रोजन मिळतोय. त्यागी पदार्थ वापरून काढलेल्या आकड्यांना ‘पाण्याचं विघटन’ म्हणणं मला पटत नाही.

पाण्याशिवाय दुसऱ्या कशातून मॉफ हायड्रोजन काढू शकतात का?

हो, आणि या भागाकडे मिळायला हवं तेवढं लक्ष मिळत नाही. फॉर्मिक आम्लात वजनाच्या ४.४ टक्के हायड्रोजन असतो. ते दोन वाटांनी फुटू शकतं: एका वाटेने हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड, दुसऱ्या वाटेने कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी. दुसरी वाट टाळावीच लागते, कारण कार्बन मोनॉक्साइड हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या इंधन-घटातल्या प्लॅटिनमला निकामी करतो. मॉफच्या छिद्रांत पॅलॅडियमचे बारीक कण ठेवले तर ते मोठे होत नाहीत आणि पहिली वाट धरून ठेवतात.

कण छिद्राच्या आतच बसावेत म्हणून करायची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मिल-१०१ या मॉफची छिद्रं पाण्याला ओढतात. पूड हेक्सेन या पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकात ढवळत ठेवायची आणि धातूच्या लवणाचं पाण्यातलं द्रावण थेंब थेंब घालायचं, एकूण मात्रा छिद्रांच्या आकारमानापेक्षा किंचित कमी. पाणी हेक्सेनमध्ये राहू शकत नाही, ते शोषलं जाऊन आत जातं आणि धातूला सोबत नेतं. बाहेरच्या पृष्ठभागावर जवळजवळ काहीच उरत नाही.

अमोनिया बोरेन या घन पदार्थात तर वजनाच्या १९.६ टक्के हायड्रोजन आहे, आणि योग्य उत्प्रेरक असला तर पाण्यात टाकल्यावर साध्या तापमानाला तो वायू सोडतो. त्रास पुढे आहे: उरलेल्या बोरेटपासून पुन्हा अमोनिया बोरेन करायला भरपूर ऊर्जा लागते.

नैसर्गिक वायू आणि वाफ यांपासून हायड्रोजन काढण्याच्या प्रक्रियेत मॉफ चालेल का?

नाही. तिथे ७०० अंशांच्या वर तापमान असतं. सेंद्रिय लिंकर त्याच्या बऱ्याच आधी जळतो किंवा कोळसा होतो.

मॉफ हायड्रोजन साठवतात असंही वाचलंय. तेच का हे?

पदार्थ तेच, काम वेगळं. साठवणीत हायड्रोजनचा रेणू छिद्राच्या भिंतीला हलकेच चिकटतो आणि त्यासाठी बहुतेकदा उणे १९६ अंशांच्या आसपास थंडावा लागतो. उत्प्रेरणात बंध तुटतात आणि जुळतात. बातम्यांमध्ये या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते.

शोधनिबंधातले आकडे वाचताना काय तपासावं?

आधी विद्युतप्रवाह आणि वायू जुळतात का ते पाहा. चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर तासभर चालवले तर ३६ कूलोम भार वाहतो. एका हायड्रोजन रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे साधारण ०.१९ मिलिमोल, म्हणजेच २५ अंशांना सुमारे साडेचार मिलिलिटर वायू. मोजनळीत तीनच मिलिलिटर जमला असेल, तर उरलेली वीज कुठे गेली हे विचारलंच पाहिजे. कदाचित ती मॉफलाच मोडत असेल.

मग समोरचा इलेक्ट्रोड कुठला आहे ते बघा. प्लॅटिनमची तार लावली असेल तर आम्लात ती हळूहळू विरघळते आणि प्लॅटिनम तुमच्या मॉफवर येऊन बसतं. दिवसेंदिवस ‘सुधारत’ जाणारा उत्प्रेरक दिसला की पहिला संशय हाच घ्यावा. कार्बनचा दांडा वापरला की प्रश्न मिटतो. अल्कलीतही असाच सापळा आहे: पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये अशुद्धी म्हणून आलेलं किंचित लोखंड निकेलचा ऑक्सिजन सोडण्याचा वेग कितीतरी वाढवतं. शुद्ध निकेल मॉफची कमाल म्हणून सांगितली जाणारी गोष्ट त्या लोखंडाची असू शकते.

प्रकाशाच्या प्रयोगात गणित आणखी सोपं आहे आणि तरी राहून जातं. समजा अमिनो गट असलेल्या यूआयओ-६६ ची ५० मिलिग्रॅम पूड घेतली. तिच्यात साधारण २८ मायक्रोमोल गाठी आणि १७० मायक्रोमोल लिंकर असतात. पाच तासांत २० मायक्रोमोल हायड्रोजन मिळाला, तर तो एका गाठीमागे एक रेणूसुद्धा नाही. उत्प्रेरक तो, जो काम करून पुन्हा कामाला लागतो. इथे एक फेरीही पूर्ण झालेली नसताना ‘उत्प्रेरण’ सिद्ध झालं असं कसं म्हणणार? तो हायड्रोजन लिंकरच्या तुटण्यातूनही आलेला असू शकतो.

‘प्रति ग्रॅम प्रति तास’ या एककावरही फार विसंबू नका. पूड कमी घेतली की हा आकडा फुगतो. किती फोटॉन आत गेले आणि त्यातल्या कितींनी काम केलं, हा हिशेब जास्त प्रामाणिक.

मॉफ तयार कसा करतात? घातक आहे का?

सर्वसाधारण पद्धत अशी: धातूचं लवण आणि लिंकर डायमिथाइलफॉर्मामाइड या द्रावकात विरघळवायचे, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या स्टीलच्या बंद भांड्यात भरायचे आणि १२० अंशांच्या आसपास दिवसभर ओव्हनमध्ये ठेवायचे. नंतर छिद्रांत अडकलेला द्रावक मिथेनॉल किंवा ॲसिटोनने बदलून घ्यायचा आणि निर्वातात तापवून छिद्रं रिकामी करायची. ही शेवटची पायरी घाईने केली तर द्रावक बाहेर पडताना चौकटीला ओढून पाडतो.

डायमिथाइलफॉर्मामाइड प्रजननाला घातक आहे, म्हणून पाण्यात किंवा कोरडं दळून मॉफ करण्याकडे कल वाढतोय. हायड्रोजनचंही भान ठेवायलाच हवं: हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या रुंद पट्ट्यात तो पेट घेतो. लहान प्रयोग असला तरी वायू कोंडू देऊ नका.

कारखान्यात हे उत्प्रेरक कधी दिसतील?

वर्ष सांगण्यात अर्थ नाही. अंतर किती आहे ते सांगता येतं. प्रयोगशाळेत बहुतेक मॉफ १० मिलिअँपिअरला, खोलीच्या तापमानाला आणि काही दिवसच तपासले जातात. कारखान्यातला आम्लधर्मी घट चौरस सेंटिमीटरला १ ते २ अँपिअरवर, ६० ते ८० अंशांना, हजारो तास चालतो. अल्कलीचा घट २० ते ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये. म्हणजे प्रवाह शंभर पटींनी जास्त, द्रावण कितीतरी तीव्र, आणि वेळ दिवसांऐवजी वर्षांत मोजायचा.

या अंतरावरून माझा अंदाज असा, की मूळ चौकट शाबूत ठेवून काम करणारा मॉफ विजेच्या घटात सर्वांत शेवटी येईल. मॉफपासून केलेले फॉस्फाइड, ऑक्सिहायड्रॉक्साइड आणि सुट्या अणूंचे कार्बन आधी येतील. शाबूत चौकटींचं खरं मैदान मला फॉर्मिक आम्लासारख्या सौम्य प्रक्रियांमध्ये आणि प्रकाशात दिसतं, जिथे तापमान, आम्लता आणि भार त्यांना सोसवतात.

संगणकाने चांगला मॉफ शोधून देता येत नाही का?

हजारो रचना चाळून हायड्रोजनची पकड कुठे बरी आहे हे सांगता येतं, आणि ते उपयोगाचं आहे. पण ही गणितं बहुधा कोऱ्या, निर्दोष स्फटिकाची असतात. खऱ्या मॉफमध्ये लिंकर गळालेल्या जागा असतात आणि पुष्कळदा तिथेच काम चालतं.

मी प्रकल्पासाठी नव्याने सुरुवात करतोय. कुठून करू?

झिफ-८ पासून करा. झिंक नायट्रेट आणि २-मिथाइलइमिडाझोल यांची मिथेनॉलमधली दोन पारदर्शक द्रावणं खोलीच्या तापमानालाच एकत्र ओता आणि ढवळा. काही मिनिटांत द्रावण दुधाळ होतं. स्फटिक तुमच्या समोर जन्माला येत असतात. जस्ताऐवजी कोबाल्ट घ्या, तर झिफ-६७ चा गर्द जांभळा रंग येतो. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, तेव्हा हे धूर खेचणाऱ्या कपाटात आणि मार्गदर्शक शेजारी असतानाच करा.

मग उत्प्रेरक म्हणून लावण्यापूर्वी त्याच पुडीतला चिमूटभर भाग बाजूला काढून ठेवा. ज्या द्रावणात प्रयोग करणार त्यातच तो, वीज किंवा प्रकाश न देता, तितकेच तास बुडवून ठेवा. प्रयोगाच्या आधीची पूड, नुसती बुडवलेली पूड आणि काम केलेली पूड, या तिघींचे क्ष-किरण विवर्तनाचे आलेख एकाखाली एक मांडा, आणि उरलेल्या द्रावणात धातू आणि लिंकर किती उतरले तेही मोजा. तिसऱ्या आलेखातली शिखरं पहिल्याच्या जागीच उभी असतील तर पुढच्या तपासण्यांकडे वळा. नाहीशी झाली असतील तर काम कोणी केलं त्याचा शोध आता सुरू होतो, आणि तोच तुमचा प्रकल्प.